मदत हवी आहे: मधपेट्यांची हौस पोटापाण्याचा धंदा कशी करावी?

नमस्कार मंडळी. लातूर जिल्हा, मेलिफेराच्या (पाळीव युरोपीय मधमाशीच्या) १० पेट्या. हौसेचं हे काम आता पूर्णवेळ करायचं आहे, पण तीन ठिकाणी गाडी अडली आहे.

पहिलं, मध. बाटलीत वर पांढरा फेस, झाकण उघडलं की आंबूस वास. रिफ्रॅक्टोमीटरवर पाणी २२ टक्के दिसतं. ते २० च्या आत हवं. कारण उघड आहे: करडईचा फुलोरा ओसरला म्हणून घाईनं, पोळ्यातल्या निम्म्या घरांवर मेणाची टोपणं नसतानाच मध काढला. फ्रेमचा तीन-चतुर्थांश भाग झाकला गेल्याशिवाय यापुढे काढणी नाही. पण या मधाचं करायचं काय? माश्यांना परत पाजला तर हगवण लागते, आणि तापवून चांगला म्हणून विकणं पटत नाही. कुणी याचा व्हिनेगर केला आहे का?

दुसरं, एप्रिल-मे. पारा ४२ च्या वर, फुलं नाहीत. सावली, ओलं गोणपाट, पाणी, १:१ साखरपाक हे सगळं चालू आहे. पण पाकातून पराग मिळत नाही. पिल्लं कमी होतात, वसाहत दुबळी पडते आणि मेणपतंगाच्या अळ्या पोळ्यात जाळं विणतात. या दिवसांत तुम्ही पेट्या कुठं हलवता?

तिसरं, सूर्यफूलवाल्या शेतकऱ्याकडून परागीभवनाचं भाडं पेटीमागं घेता की एकरामागं? फुलोऱ्यात फवारणी करायची नाही, हे लेखी घेता का? आपल्या भागातले आकडे कळले तर फार उपकार होतील.