"मराठीत आमच्यासाठी काही नाही" म्हणणाऱ्या नववीतल्या मुलीला

सायकलस्वार
परवा 'नववी_ब' या मुलीने लिहिलं की बारा ते सोळा वयासाठी मराठीत कादंबऱ्याच नाहीत. ज्या आहेत त्यांत मूल शेवटी शहाणं होतं आणि मोठ्यांना बरं वाटतं. वाढदिवसाला तिला 'श्यामची आई' तीनदा आणि 'फास्टर फेणे' दोनदा मिळालं, म्हणून आता ती इंग्रजीच वाचते. त्यावर सगळ्यांनी तिची पाठ थोपटली. मला मात्र राग आला, म्हणून सविस्तर लिहितोय.

माझे वडील गिरणीत होते. घरात पंचांगाशिवाय छापील कागद नव्हता. वाचनालयात एका वेळी एकच पुस्तक मिळायचं आणि फेणेचं पुस्तक कुणी परत आणून देतंय का, ते बघत मी पायरीवर बसून राहायचो. फुरसुंगीचा काटकुळा बनेश पुण्याच्या विद्याभवनात येतो, सायकल हाणतो, 'ट्टॉक्' करतो. यातून काय शिकलास, असं भा. रा. भागवतांनी मला एकदाही विचारलं नाही. मग हा 'बोध' नेमका कुठे दिसला?

आणि शोधलं तरी का? 'वनवास'मधल्या लंपनच्या कथा आहेत, 'शाळा' ही कादंबरी आहे. 'पियूची वही'ला २०२२ साली आणि 'समशेर आणि भूतबंगला'ला २०२४ साली साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला, त्या कादंबऱ्याच आहेत. न शोधता 'नाही' म्हणायचं आणि इंग्रजीकडे वळायचं, याला मी धीटपणा म्हणणार नाही.

पानगळ
दादा, पायरीवर बसलेला मुलगा तुम्ही होतात. ती मुलगी वेगळी आहे. माझ्या सातवीतल्या मुलाला मी फेणे दिला, मला आवडायचा म्हणून. थोडं वाचून तो म्हणाला, "आई, हा अडकलाय तर घरी फोन का करत नाही?" मी त्या काळाबद्दल सांगायला लागले आणि माझं संपेपर्यंत पुस्तक मिटलेलं होतं. दोष भागवतांचा नाही. पण मुलाचाही नाही.

'श्यामची आई'बद्दल एक बोलू द्या. श्याम त्या आठवणी सांगतो त्या आश्रमातल्या सोबत्यांना. आई गेलेला एक मोठा माणूस ते सांगतोय. मला ते पुस्तक खरं कळलं ते माझी आई गेल्यावर. दहा वर्षांच्या मुलाच्या हातात ते 'संस्कार' म्हणून ठेवतो, तिथेच आपण त्याची माती करतो.

दुपारची_शाळा
शिक्षिका म्हणून लिहिते. पुस्तकं नाहीत असं नाही, पण ती कुलपात आहेत. मी पूर्वी ज्या शाळेत होते तिथे दोन लोखंडी कपाटं होती. वर्षातून एकदा तपासणीला पुस्तकं नोंदवहीशी ताडून बघायची. एक कमी भरलं तर भरपाई ज्याच्याकडे किल्ली त्याची. मग किल्ली कोण घेणार आणि पुस्तक कोण देणार? एका मुलीने काचेतून बघून पुस्तकांच्या नावांची यादी केली होती, वहीच्या मागच्या पानावर. तिला त्यातलं एकही मिळालं नाही. सायकलस्वार, 'शोधलं का' हा प्रश्न त्या मुलीला विचाराल का?

'किशोर'चे १९७१ पासूनचे जुने अंक बालभारतीने इंटरनेटवर फुकट ठेवलेत, त्यावर मी वर्षभर वर्ग चालवला. पण ते मासिक आहे. त्याने कादंबरीची भूक भागत नाही.

वऱ्हाडी_ठेचा
सगळे फुरसुंगी ते पुणे एवढ्यातच फिरताय. अकोल्याच्या पोट्ट्याने कुठे बघायचं? माझ्या लहानपणीच्या पुस्तकांत आमच्यासारखा मुलगा यायचा तो गरीब, होतकरू, दिव्याखाली पाटी घेऊन अभ्यास करणारा. आणि बोलायचा कसा, तर सदाशिव पेठेत वाढल्यासारखा! आमच्या घरात 'काहून बे' म्हणतात. ते पुस्तकात आलं तर फक्त नोकराच्या नाहीतर गुंडाच्या तोंडी. हे वाचून मूल काय समजतं, सांगू? आपली भाषा लिहायची नसते, एवढंच. मी पाचवीत निबंधात 'मले' लिहिलं तर वर्गात उभं करून वाचून दाखवलं होतं. त्या दिवसापासून मी मराठीत लिहायचं सोडलं. हे मी वीस वर्षांनी लिहितोय.

सायकलस्वार
विषय काय, चाललंय काय. प्रत्येक जिल्ह्याची वेगळी कादंबरी छापायची का? मुलांना आधी प्रमाण मराठी नीट वाचता येऊ दे.

वऱ्हाडी_ठेचा
हेच! 'आधी नीट मराठी' म्हणजे आधी तुमची मराठी. आमची पाळी कधीच येत नाही.

सायकलस्वार
माझी? गिरणगावातल्या चाळीत कुठली मराठी बोलायचे, माहीत आहे का? माझं बोलणंही शाळेत सुधारलं गेलं, मी त्याचं गाऱ्हाणं करत बसलो नाही.

वऱ्हाडी_ठेचा
सुधारलं नाही, पुसलं. तुम्हाला त्याचं वाईट वाटत नाही, याचं मला वाईट वाटतं.

सीमाभाग
दोघंही थांबा. लंपन आमच्या बेळगावकडचा. त्याच्या 'मॅड' म्हणण्यात, कन्नड मिसळलेल्या बोलण्यात माझं सगळं बालपण आहे. प्रकाश नारायण संतांनी ते जसंच्या तसं ठेवलं आणि पुण्या-मुंबईच्या वाचकाने डोक्यावर घेतलं. म्हणजे बोलीतलं चालतं, सायकलस्वार. पण ठेचासाहेब, तुमच्याकडचा लंपन कुणीतरी लिहायला हवा, तो पुणेकर कसा लिहील?

वऱ्हाडी_ठेचा
ज्याला पाचवीत उभं केलं तो लिहीत नाही, एवढंच सांगत होतो.

नववी_ब
मी वाचतेय सगळं. काका, मी शोधलं होतं. 'वनवास' वाचलंय. पहिल्यांदा पंधरा पानांवर सोडलं, मे महिन्यात आजीने मोठ्याने वाचलं तेव्हा भाषा कानात बसली. ते आवडलं, हे मी लिहायला हवं होतं. चुकलं.

'शाळा' दोनदा वाचलंय. सगळे म्हणतात ते नववीतल्या मुलांचं पुस्तक आहे. हो, मुलांचं. जोशी शिरोडकरकडे बघतो, तिच्या मागे जातो, तिच्याबद्दल विचार करतो. शेवटी ती गाव सोडून जाते आणि आपल्याला जोशीचं दुःख कळतं. शिरोडकरला काय वाटत होतं? ती घरी जाऊन काय करायची, मैत्रिणीला काय सांगायची? मी पण नववीत आहे, माझ्याकडेही क्लासच्या बाहेर कुणीतरी उभं राहून बघतं, आणि ते कादंबरीसारखं अजिबात वाटत नाही. मी रस्ता बदलते. शिरोडकरच्या बाजूने लिहिलेलं पुस्तक मराठीत असेल तर मला नाव सांगा. इंग्रजीत मला तशी चार मिळाली, म्हणून मी तिकडे गेले. मराठी आवडत नाही म्हणून नाही.

पानगळ
बाळा, ते रस्ता बदलायचं आईला सांगितलंस का?

नववी_ब
हो. आता बाबा घ्यायला येतात.

सायकलस्वार
'शाळा' मी तीन वेळा वाचलंय आणि शिरोडकरचा असा विचार एकदाही केला नाही. हे मान्य. नाव विचारलंस, तर या क्षणी मला एकही आठवत नाहीये, आणि तेही लिहून टाकतो. पण शोधतोय. फेणेबद्दल एक शब्दही मागे घेत नाही.

वऱ्हाडी_ठेचा
मुलीला उत्तर दिलंत, चांगलं केलंत. 'प्रत्येक जिल्ह्याची वेगळी कादंबरी छापायची का' हे अजून वर तसंच आहे.