मदत हवी आहे: लॅपटॉपचा पंखा रेकॉर्डिंगमध्ये येतो, बॅटरीही पुरत नाही

मानपाडा_वाचनवेळ

नमस्कार. मी ठाण्यात, घोडबंदर रोडला मानपाड्याजवळ राहते. गेली तीन वर्षं अंध विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तकं वाचून रेकॉर्ड करते. सध्या बारावीचं अर्थशास्त्र चालू आहे. परीक्षा जवळ आल्यात, म्हणून जरा घाईने विचारतेय.

दिवसा रस्त्याच्या आवाजात वाचणं अशक्य आहे. रात्री साडेअकरानंतर खिडक्या लावून, छताचा पंखा बंद करून, पलंगावर गोधड्यांचा आडोसा करून बसते. खोलीत तेव्हा ३१-३२ अंश असतं. पाच-सात मिनिटांत लॅपटॉपचा पंखा सुरू होतो आणि माइकमध्ये स्पष्ट येतो. नंतर नॉइज रिडक्शनने काढला, तर आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होतो, 'श' आणि 'स' एकसारखे ऐकू येतात. ज्याला फक्त कानाने शिकायचंय त्याला असं रेकॉर्डिंग कसं द्यायचं?

चार्जर लावला की बारीक घूंऽऽ असा आवाज येतो, म्हणून बॅटरीवर चालवते. ती जेमतेम दोन तास टिकते. एक धडा अर्धवट राहिला की दुसऱ्या रात्री आवाजाचा पोत जुळत नाही.

लॅपटॉप २०१८चा, प्रोसेसर आय-५ ८२५०यू, ८ जीबी रॅम, विंडोज ११. रेकॉर्डिंग ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये, यूएसबी माइकवर. टास्क मॅनेजरमध्ये रेकॉर्डिंग चालू असताना प्रोसेसर ६ ते ८ टक्केच दिसतो, तरी तापमान ७० च्या वर. बॅटरी रिपोर्टमध्ये मूळ क्षमता ४८,००० आणि आताची २८,४०० मिलिवॉट-तास आहे. ब्राउझर बंद ठेवते, ब्राइटनेस कमी केलाय, वायफाय बंद करते. अजून काय करता येईल? नवीन लॅपटॉप सध्या शक्य नाही.

ऐरोलीकर

ताई, काम फार मोलाचं करताय. आधी एक सांगा, लॅपटॉप नेमका कशावर ठेवता? बहुतेक लॅपटॉप हवा तळातून ओढतात. खाली गोधडी असेल तर तोंडच बंद होतं.

आता प्रोसेसरचं. सरासरी ८ टक्के असलं तरी मध्ये मध्ये उसळ्या येतात. ८२५०यूचा मूळ वेग १.६ गिगाहर्ट्झ, टर्बोमध्ये, म्हणजे काम वाढलं की प्रोसेसर आपोआप वेग वाढवतो तेव्हा, तो ३.४ पर्यंत जातो. मागे अँटिव्हायरस किंवा सर्चचं इंडेक्सिंग (फाइलींची यादी बनवणं) जागं झालं की क्षणभर वर उडी, तापमान झटकन चढतं, आणि पंखा एकदा फिरायला लागला की लवकर शांत होत नाही. वेग वाढवायला व्होल्टेजही वाढवावं लागतं आणि वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत खर्च होते. त्यामुळे वरचा तो शेवटचा गिगाहर्ट्झ फार महागात पडतो, आणि वाचन रेकॉर्ड करायला त्याची काही गरज नाही.

कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स, तिथे अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्ज, मग प्रोसेसर पॉवर मॅनेजमेंट. 'मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट' बॅटरीसाठी १०० चं ९९ करा. एका टक्क्याचा फरक दिसतो, पण त्याने टर्बो बंद होतो. शेजारीच 'सिस्टम कूलिंग पॉलिसी' आहे, ती पॅसिव्ह करा, म्हणजे आधी प्रोसेसर मंदावेल आणि पंख्याची पाळी नंतर येईल. एडिटिंगच्या वेळी ९९ चं परत १०० करायला विसरू नका, नाहीतर फाइल एक्स्पोर्ट व्हायला वाट बघत बसाल.

तुमचा हिशोब मांडला तर २८.४ वॉट-तास दोन तासांत संपतात, म्हणजे सरासरी १४ वॉट. नुसत्या रेकॉर्डिंगला एवढे लागायला नकोत.

वाशी_सेक्टर१७

घूं आवाजाबद्दल: तो बहुतेक अर्थिंगचा दोष असतो. दोन पिनी अडॅप्टर किंवा जुना एक्स्टेन्शन बोर्ड असेल तर चार्जर थेट भिंतीतल्या तीन पिनी सॉकेटमध्ये लावून बघा. त्या सॉकेटला अर्थिंग खरंच आहे का, तेही वायरमनकडून तपासून घ्या.

माइक कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचा आवाज पकडणारा, असेल तर त्याची पाठ लॅपटॉपकडे करा, मागचा आवाज तो खूप कमी पकडतो. यूएसबी २ ची केबल ५ मीटरपर्यंत चालते, म्हणजे लॅपटॉप दाराबाहेरसुद्धा ठेवता येईल.

बॅटरीचं म्हणाल तर ती ६० टक्क्यांवर आलीय. उष्णता आणि सतत १०० टक्के चार्ज, दोन्ही तिला बाधतात. कंपनीच्या अ‍ॅपमध्ये ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असेल तर एरवी ती लावा, रेकॉर्डिंगच्या रात्री पूर्ण भरा. टचपॅड वर उचलल्यासारखा वाटला तर मात्र वापर लगेच थांबवा, बॅटरी फुगलेली असू शकते.

मानपाडा_वाचनवेळ

ऐरोलीकरदादा, गोधडीवरच ठेवत होते! टेबलाची धडधड माइकमध्ये येते म्हणून. काल देव्हाऱ्यासमोरचा पाट पलंगावर आणला, लॅपटॉपच्या मागच्या बाजूखाली बाटल्यांची दोन झाकणं ठेवली आणि ९९ केलं. तापमान ५६ च्या आसपास राहिलं. पहिली चाळीस मिनिटं पंखा लागलाच नाही. 'मागणीची लवचिकता' हा अख्खा धडा एका बैठकीत झाला, आणि शेवटी बॅटरी ६५ टक्के होती. सव्वा तासात ३५ टक्के, म्हणजे साधारण ८ वॉट.

वाशीकर, माइक फिरवला, फरक ऐकू येतो. बोर्ड बदलून बघितला नाही अजून, रविवारी वायरमन येणार आहे. टचपॅड सपाट आहे.

चाळीस मिनिटांनंतर मात्र पंखा हळू आवाजात लागतो आणि मग बंदच होत नाही. सात वर्षांत लॅपटॉप आतून एकदाही साफ केलेला नाही. आतली धूळ आणि वाळलेली थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारा लेप) यामुळे असेल का? मागे एका दुकानात दिला होता तेव्हा तीन दिवस ठेवून घेतला आणि एक स्क्रू कमी लावून परत दिला, त्यामुळे आता समोर बसून उघडू देणारं कोणी हवंय. नौपाडा ते कासारवडवली या पट्ट्यात असं दुकान कुणाला माहीत आहे का? आणि सोबत लांब केबलही घेऊ का, की आधी साफसफाई करून बघू?

ऐरोलीकर

आधी साफसफाई आणि पेस्ट. सात वर्षांत पेस्ट कोरडी पडलेली असण्याची शक्यता बरीच आहे. केबल परीक्षेनंतर घेतलीत तरी चालेल. दुकानाचं ठाण्यातल्या मित्राला विचारून उद्या इथेच लिहितो.