मदत हवी आहे: टॉवेलवरचा क्रॉस स्टिचचा गुलाब वांग्यासारखा उभट होतोय

ओटा_आणि_सुई

नमस्कार मंडळी,

मावसबहिणीचं लग्न डिसेंबरात आहे. रुखवतासाठी सहा किचन टॉवेल भरून देते, असं मी जुलैतच सगळ्यांसमोर सांगून बसले. आता सप्टेंबर संपत आला आणि हातात एकच आहे, तोही फसलेला.

आजीच्या ट्रंकेत आलेखाच्या कागदांची एक वही मिळाली. चौकटी रंगीत पेन्सिलींनी भरलेल्या, कडेला चहाचा डाग, एका पानामागे चक्क दुधाचा हिशोब. त्यातला गुलाबाचा गुच्छ मला फार आवडला. ४५ घरं रुंद, ४५ घरं उंच, दोन कळ्या आणि खाली वळलेलं एक पान.

मॅटीचा, म्हणजे फुल्यांसाठीच्या चौकटीदार विणीच्या कापडाचा, तुकडा भरून टॉवेलवर शिवायचा नव्हता. तो ठिगळासारखा दिसतो आणि ताठ राहतो. म्हणून पांढऱ्या साध्या विणीच्या सुती टॉवेलवरच, दोन-दोन धागे मोजून फुल्या घातल्या. अकरा संध्याकाळी खिडकीत बसून. काल पूर्ण झाल्यावर जरा लांबून पाहिलं तर गुलाब उभट! फूटपट्टी लावली: रुंदी ३ इंच, उंची पावणेचार. नवरा म्हणाला, वांगं छान जमलंय.

घरं तीनदा मोजली, चूक सापडत नाही. उसवायचं का? शिवाय नमुन्यात गुलाबी रंगाच्याच सात छटा आहेत, त्यांचं काय करू? आणि लाल दोरा धुण्यात सुटला तर? टॉवेल आहे, रोज पाणी लागणार.

ताणाबाणा

उसवू नका, थांबा. टॉवेलवर पेन्सिलीने एक इंचाचा चौकोन आखा आणि आतले उभे धागे किती, आडवे किती ते टाचणीच्या टोकाने मोजून इथे लिहा.

ओटा_आणि_सुई

उभे ३०, आडवे २४. दोनदा मोजले.

ताणाबाणा

मग झालं. तुमचं काहीच चुकलेलं नाही, कापडाचा ताणा, म्हणजे उभे धागे, दाट आहे आणि बाणा, म्हणजे आडवे, विरळ. दोन धाग्यांवर एक फुली म्हणजे रुंदीत इंचाला १५ फुल्या बसल्या आणि उंचीत १२. पंचेचाळीस भागिले पंधरा तीन, पंचेचाळीस भागिले बारा पावणेचार. तुमची फूटपट्टी तेच सांगतेय. फुल्या मोजून घालायच्या तर दोन्हीकडे सारखे धागे असलेलं कापडच लागतं, आणि टॉवेल विणणाऱ्याला आपल्या गुलाबाची काय पडलेली असते! कापड आडवं धरून भरलंत तर वांग्याचा भोपळा होईल, एवढाच फरक.

बेळगावची_काकू

अगं, जाळी लाव की. आमच्याकडे कसुती, म्हणजे कर्नाटकी भरतकाम, करणाऱ्या बायका इरकलवर धागे मोजून भरतात, पण गुळगुळीत रेशमावर धागे दिसतच नाहीत. तेव्हा वर जाळी टाचतात, तिच्या घरांवर भरतात आणि मग जाळीचा एकेक धागा ओढून काढतात. कसुतीतला मेंथी टाका म्हणजे तुझ्या फुलीचाच भाऊ.

भरतकामाच्या दुकानात अशी जाळी 'वेस्ट कॅनव्हास' म्हणून माग. इंचाला १४ घरांची घेतलीस तर तुझा गुच्छ सव्वातीन इंचाच्या जरा आत बसेल, आणि चारी बाजूंनी सारखा. नमुन्यापेक्षा दोन बोटं मोठा तुकडा काप, टॉवेलच्या काठाला समांतर धर आणि धावदोऱ्याने चारी कडा टाच. मध्येही एक फुली टाच, नाहीतर सरकते. मॅटीची बोथट सुई इथे चालायची नाही, टोकदारच हवी. आणि सुई जाळीच्या धाग्यातून घुसू देऊ नकोस, भोकातूनच जाऊ दे. एकदा धागा टोचला गेला की नंतर तो ओढताना फुलीसकट वर येतो.

भरून झालं की टाचण काढ, जाळी कडेने काप, वरून ओल्या फडक्याने पुस. खळ सुटली की चिमट्याने धागे काढ. आधी सगळे एका दिशेचे, मग दुसऱ्या. वर उचलून नाही, कापडाला चिकटून आडवे ओढायचे.

आणि हो, टॉवेल आधी धुऊन घेतलेस ना? कोरं सुती कापड आटतं, दोरा तेवढा आटत नाही. मग गुलाबाभोवती चुण्या पडतात.

ओटा_आणि_सुई

काकू, नाही धुतले. उरलेले पाचही टॉवेल आत्ता बादलीत टाकले.

रेघोटी

सात छटांबद्दल. असे छायाप्रकाशाचे गुलाब मुळात टॉवेलसाठी नव्हतेच. एकोणिसाव्या शतकात बर्लिनमध्ये चौकटींच्या कागदावर छापून हाताने रंगवलेले नमुने विकत, ते लोकरीने भरायचे. उशी, पडदा, भिंतीवरचं चित्र. तिथे छटा खपतात. ४५ घरांच्या गुलाबात हातभर लांबून सातातल्या तीनच दिसतात. गडद, मधली, फिकी घ्या आणि शेजारच्या छटा त्यांत मिसळून टाका. पाकळीच्या कडेची गडद मात्र सोडू नका, ती गेली की नुसता गुलाबी गोळा उरतो.

वहीत छटांचे क्रमांक असतील तर ते कुठल्या कंपनीचे ते आधी बघा. अँकर आणि डीएमसी यांचे आकडे जुळत नाहीत. काळा अँकरमध्ये ४०३, डीएमसीमध्ये ३१०. अँकरचा लाल ४६ म्हणजे डीएमसीचा ६६६. आकडा तसाच दुकानात सांगितलात तर भलताच रंग हातात येईल. लडीत सहा पदर असतात, १४ च्या जाळीवर त्यातले दोनच घ्यायचे.

साबणचुरा

लाल दोऱ्याचं: ओला करून पांढऱ्या फडक्यावर दाबून बघा. डाग उमटला तर गार पाण्यात, पाणी स्वच्छ येईपर्यंत खळबळा. भरलेल्या टॉवेलवर रंग उतरलाच तर तो वाळू देऊ नका, ओला असतानाच गार पाण्याखाली धरा. मिठाच्या पाण्यात भिजवलं की रंग पक्का होतो म्हणतात, माझ्या आईचाही तोच हट्ट. तयार दोऱ्याचा कच्चा रंग मिठाने पक्का होत नाही, जास्तीचा निघून जायला पाणीच लागतं.

ताणाबाणा

टॉवेलची मागची बाजूही दिसते. गाठ मारू नका. एक पदर दुमडून दोन्ही टोकं सुईत घाला, पहिला टाका मागच्या फासातून ओवा. एका पानावरून लांबच्या पानावर हिरवा दोरा मागून नेऊ नका, पांढऱ्या कापडातून पुढे रेघ दिसते. आणि फुलीचा वरचा टाका सगळीकडे एकाच बाजूला झुकलेला हवा. इस्त्री उलट्या बाजूने, खाली जाड पंचा घालून.

ओटा_आणि_सुई

तीन आठवड्यांनी परत आले. दोन टॉवेल झाले, तिसरा अर्धा. जाळीचे धागे काढताना पहिल्यांदा छातीत धडधडत होतं. एका ठिकाणी सुई धाग्यातून गेली होती, तिथे काकू म्हणाल्या तशी फुली वर आली, ती परत घातली. गुलाब सव्वातीन बाय सव्वातीन. तीन गुलाबी पुरले. लालने पहिल्या दोन पाण्यांत रंग सोडला, तिसऱ्यात नाही.

वांग्याचा टॉवेल उसवला नाही. ओट्याशेजारच्या खिळ्याला लावलाय, भांडी पुसायला बरा आहे. आता उरलेल्या साडेतीनसाठी जाळी कमी पडतेय, कुठे सुटी कापून मिळते का?