खडस माशाच्या टाकीसाठी मदत हवी आहे

नमस्कार. वाळपईच्या घरी चार फुटी काचेच्या टाकीत मी मत्स्यबीज केंद्रातून आणलेली खडस, म्हणजेच महसीर जातीची दोन बोटभर पिल्ले सांभाळत आहे. हा मासा घाटातल्या वाहत्या, थंड, भरपूर प्राणवायूच्या पाण्यातला. टाकीतले पाणी मात्र दुपारी 31 अंशांवर जाते आणि पिल्ले पंपाच्या धारेखाली, कल्ले भराभर हलवत, तोंड वर करून थांबतात, ते पाहवत नाही. बर्फाच्या बाटल्या सोडल्या, पण पारा एकदम उतरून तासाभरात पुन्हा चढतो, हे मला अधिक घातक वाटते. चिलर (पाणी थंड ठेवणारे यंत्र) घ्यावा, की पंखा आणि जोरदार प्रवाह पुरेल? खडस पुढे कित्येक किलोंचा होत असल्याने अंगणात सिमेंटचे कुंड बांधायचे आहे. बाहेरून आणलेली पिल्ले म्हादई नदीत सोडणे मला योग्य वाटत नाही. कुंडाची खोली व सावली किती असावी, हेही जाणकारांनी कृपया सांगावे.