अपग्रेडचे भाव वाढवले आणि पॅच नोट्समध्ये आकडा एकपण नाही, कुठली कंपनी ऐकते का प्लेअरचं?

रात्रपाळी_गेमर
एक कार्ड गेम बरीच वर्षं खेळतोय, नाव मुद्दाम घेत नाही. परवा अपडेट आला आणि बघतो तर कार्ड अपग्रेडला जवळजवळ दुप्पट सोनं लागतंय, रोजच्या पेटीतनं मिळणारं सोनं पण कमी झालंय, आणि पॅच नोट्समध्ये, म्हणजे अपडेटमधल्या बदलांच्या यादीत, काय तर "इकॉनॉमीमध्ये काही सुधारणा केल्या आहेत". संपलं. सपोर्टला लिहिलं तर "तुमचा फीडबॅक टीमपर्यंत पोचवला आहे" हे छापील उत्तर. मी दर सीझनला पास (जादा बक्षिसं देणारं तिकीट) विकत घेणारा माणूस आहे, महाग केलं याचा एवढा राग नाहीये, कंपनी आहे, पैसे कमावणारच, पण आधी सांगा ना राव! ज्यांनी महिनोन्‌महिने सोनं साठवलं त्यांनी अपडेटच्या आधी अपग्रेड करून घेतले असते. प्लेअरनी ओरडा केला आणि कंपनीने खरंच माघार घेतली असं कधी झालंय का?

कोल्हापुरी_ट्रेनर
झालंय की, पोकेमॉन गो. त्यात पोकेस्टॉप म्हणजे नकाशावरच्या जागा, जवळ गेलं की वस्तू मिळतात. कोविडमध्ये निआंटिक या कंपनीने स्टॉप किती लांबून लागेल ते अंतर 40 मीटरवरनं 80 केलं होतं, घरात बसून पण बऱ्याच जणांना स्टॉप लागायचा. ऑगस्ट 2021 मध्ये अमेरिका आणि न्यूझीलंडला ते परत 40 वर आणलं आणि लोक जाम भडकले, मोठमोठ्या यूट्यूबरनी मिळून खुलं पत्र काढलं, आणि महिना संपायच्या आत कंपनीने 80 मीटर कायम केलं.

पण तेच एप्रिल 2023 ला रिमोट रेड पास (रेड म्हणजे तगड्या पोकेमॉनशी गटाने लढाई, त्यात लांबून उतरायचं तिकीट) 100 कॉइनचा, म्हणजे गेममधल्या नाण्यांचा, 195 केला, वर दिवसाला पाचच रिमोट रेडची मर्यादा, तेव्हा तेवढाच ओरडा झाला आणि कंपनी इंचभर हलली नाही. मला वाटतं कारण सरळ आहे, अंतराचे कुणी पैसे देत नाही, पासचे देतात. आणि आमच्यासारख्या गावात पाच स्टारच्या रेडला माणसंच जमत नाहीत, त्यामुळे रिमोट हाच रस्ता. जिम (नकाशावरचा अड्डा, तिथे आपला पोकेमॉन ठेवायचा) राखून दिवसाला जास्तीत जास्त 50 कॉइन मिळतात, म्हणजे चार दिवस पुरते 50-50 मिळाले तर कुठे एक पास. एक मात्र मान्य करावं लागेल, भाववाढ त्यांनी आठवडाभर आधी जाहीर केली, आकड्यासकट, आणि रिमोट रेडचं प्रमाण आम्हाला अपेक्षित होतं त्यापेक्षा फार वाढलंय हे कारण पण दिलं. पटलं नाही कुणाला, पण ज्यांना जुन्या भावात पास घ्यायचे होते त्यांना ते घेता आले.

पुणे_डेव्ह
मी मोबाइल गेमच्या स्टुडिओत काम करते, थोडं आतलं सांगते. गेममध्ये सोनं येण्याच्या वाटा असतात आणि खर्च व्हायच्या असतात. जुन्या प्लेअरकडे साठा झाला की ते दुकानात फिरकत नाहीत, मग खर्चाची वाट रुंद करतात. आधी जाहीर केलं तर सगळे घाईघाईने साठा उडवतात आणि बदल करायचा हेतूच जातो, म्हणून गप्प बसायचं असा विचार असतो. माझं स्पष्ट मत आहे की हा विचार चुकीचा आहे, कारण सोनं परत साठतं पण माणूस एकदा चिडून गेला की येत नाही. दुसरं म्हणजे कंपनीतर्फे प्लेअरशी बोलणाऱ्या कम्युनिटी मॅनेजरला बऱ्याचदा आकडे सांगायची परवानगीच नसते, तेव्हा त्याच्यावर शिव्या काढू नका प्लीज. आणि एक काम करा, मित्राच्या अकाउंटवर तेच अपग्रेड कितीला दिसतंय ते बघा. ए/बी टेस्ट चालू असेल, म्हणजे प्लेअरचे गट पाडून वेगवेगळे भाव दाखवून बघत असतील, तर दोघांना वेगळे भाव असू शकतात.

जेम_साठवणारा
ब्रॉल स्टार्स हा गेम विसरलात का? त्यातला सीझनचा ब्रॉल पास 169 जेम्सना (गेममधली रत्नं) मिळायचा, आमच्यासारखी कॉलेजची पोरं फुकटातले जेम्स जपून ठेवून एक सीझन आड पास घ्यायची. 2023 च्या शेवटी गेमच्या कंपनीने, सुपरसेलने, जाहीर केलं की इथून पुढे पास फक्त खऱ्या पैशाने. प्रचंड विरोध झाला, त्यांनी बक्षिसं वाढवून दिली, पण तेव्हा जेम्सने पास काही परत आणला नाही. म्हणजे ऐकतात, पण अर्धंच.

आणि @रात्रपाळी_गेमर भावा, पास घेतल्यावर मधेच त्यातल्या वस्तू कमी केल्या असतील तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनला तक्रार टाक. सरकारच्या 2023 च्या डार्क पॅटर्नच्या (ग्राहकाला फसवणाऱ्या ऑनलाइन युक्त्यांच्या) नियमांत 13 प्रकार दिलेत, त्यात दाखवायचं एक आणि द्यायचं दुसरं हा पण आहे. नुसते अपग्रेड महाग झाले असतील तर त्यात बसेल असं वाटत नाही, पण पासच्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेव.

रात्रपाळी_गेमर
@पुणे_डेव्ह ताई, आत्ताच मित्राकडून स्क्रीनशॉट मागवला. तेच कार्ड, तीच लेव्हल, आणि त्याला माझ्यापेक्षा कमी सोनं दाखवतंय. दोन्ही फोटो एकत्र करून सपोर्टला पाठवलेत आणि एवढंच विचारलंय की यातला खरा भाव कुठला. उत्तर आलं की इथेच टाकतो.