मदत हवी आहे : मोझांबिकमधल्या चर्चच्या शांतिकार्याबद्दल

सर्वांना नमस्कार. आमच्या मंडळीतल्या तरुण संघापुढे मला यशया २:४ वर बोलायचं आहे. तरवारी मोडून फाळ करण्याचं ते वचन मोझांबिकमध्ये शब्दशः घडलं, म्हणून तेच उदाहरण घेतलंय.

१९७७ पासून चाललेलं फ्रेलिमो (सत्ताधारी पक्ष) आणि रेनामो (बंडखोर गट) यांच्यातलं युद्ध ४ ऑक्टोबर १९९२ च्या रोम करारानं थांबलं. मध्यस्थांमध्ये सान्त एजिदिओ हा कॅथलिक समुदाय आणि तिथल्या बैरा शहराचे आर्चबिशप जैमे गोन्साल्व्हेस होते. पण बंदुका घराघरांत, जमिनीत पुरलेल्या तशाच राहिल्या. मग १९९५ मध्ये अँग्लिकन बिशप दिनिस सेंगुलाने यांच्या पुढाकारानं तिथल्या ख्रिस्ती परिषदेनं योजना काढली : हत्यार आणून द्या, बदल्यात सायकल, शिलाई मशीन, छपराचे पत्रे किंवा शेतीची अवजारं न्या. मोडलेल्या बंदुकांपासून कलाकारांनी खुर्च्या, झाडं, पक्षी घडवले. शिलाई मशीनचं वाचून मला खरंच भरून आलं.

माझी अडचण पुढची आहे. ज्यांनी गावं जाळली, त्यांना त्याच गावातल्या चर्चनं प्रार्थनेला शेजारी कसं बसवून घेतलं? राजधानी मापुतो किंवा बैराला राहिलेलं, तिथं काम केलेलं कुणी इथं आहे का? ऐकलेल्या-पाहिलेल्या आठवणी कृपया सविस्तर लिहा.