पहिला डीएसएलआर: कसा निवडलात, कसा हाताळायला शिकलात?

"डीएसएलआर घ्यायचाय, कॅनन घेऊ की निकॉन?" दिवाळी जवळ आली की हा प्रश्न कुणीतरी विचारतंच, आणि दोन्ही बाजूंचे मावळे तलवारी उपसून तयारच असतात. या वेळी सल्ले नकोत, अनुभव हवेत. पहिला डीएसएलआर (आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा डिजिटल कॅमेरा) कशासाठी घेतलात? घेताना काय पाहिलंत? आणि मुख्य म्हणजे, कॅमेऱ्यावरची मोड बदलायची तबकडी हिरव्या ऑटोवरून पहिल्यांदा कशामुळे हलली?

मॉडेल जुनं असलं तरी लिहा. २०१८ साली कॅनन आणि निकॉन दोघांनीही फुलफ्रेम (सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारा भाग, फिल्मच्या चौकटीएवढा असलेले) मिररलेस, म्हणजे आरसा नसलेले कॅमेरे आणले आणि पुढे हळूहळू नवं काम तिकडेच वळलं. त्यामुळे बऱ्या अवस्थेतले डीएसएलआर दुसऱ्या हाताने स्वस्तात मिळतात. शिकणाऱ्याला आणखी काय हवं?

सुरुवात मीच करतो. माझा निकॉन डी३१००, सोबत १८-५५ मिमीची किट लेन्स, म्हणजे कॅमेऱ्याबरोबरच येणारी. दुकानात दोन्ही कंपन्यांच्या बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) हातात घेऊन बघितल्या. एकीवर माझी करंगळी अधांतरी राहत होती, दुसरीवर बसली. निवड संपली. मेगापिक्सेलचा तक्ता घरी करून नेला होता, तो खिशातून बाहेरच निघाला नाही.

डी३१००च्या तबकडीवर 'गाईड' नावाचा मोड होता. 'मागचं धूसर करा' असं निवडलं की कॅमेरा अ‍ॅपर्चरच्या (लेन्समधल्या छिद्राच्या) पडद्यावर न्यायचा आणि एफचा आकडा कमी केला, म्हणजे छिद्र मोठं केलं, की काय होतं ते दाखवायचा. अनुभवी लोक त्याला हसायचे, पण मला त्यानेच ए मोडपर्यंत (छिद्र आपण ठरवायचं, शटर कॅमेरा ठरवतो) आणून सोडलं. पुढे एक अख्खा उन्हाळा ए मोड सोडला नाही. अंगणातली जास्वंद एफ/५.६ला, एफ/११ला, एफ/२२ला. एफ/२२ला सगळं लख्ख दिसेल असं वाटलं होतं, तर उलट सगळंच थोडं मऊ. छिद्र फार बारीक झालं की प्रकाश कडेवरून वाकून पसरतो. हे पुस्तकात वाचलं असतं तर लक्षात राहिलं नसतं.

आता तुम्ही लिहा.

पाणकोंबडी, पुणे

माझं आधीपासून ठरलेलं होतं, पक्षी आणि फक्त पक्षी. त्यामुळे बॉडीवर कमी आणि लेन्सवर जास्त पैसे घालायचे हेही ठरलं. कॅनन ५५०डी आणि ५५-२५० मिमीची झूम लेन्स. कॅननच्या या छोट्या सेन्सरवर १.६चा गुणक लागतो, म्हणजे २५०ची चौकट फुलफ्रेमवरच्या ४००एवढी होते. पक्ष्यांसाठी हे अगदी कमीत कमी. पण ४०० मिमीची खरी लेन्स त्या वेळी माझ्या पगाराच्या बाहेर होती.

शिकले ते भिगवणला. उजनी धरणाच्या फुगवट्यावर हिवाळ्यात रोहित (फ्लेमिंगो) येतात, कुंभारगावातून होड्या सुटतात. पहिल्या दिवशी मी उत्साहाने सूर्याकडे तोंड करून बसले होते. नावाडीमामांनी थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाले, "ताई, ऊन पाठीवर घ्या. मी होडी फिरवतो, तुम्ही नका फिरू." मग इंजिन बंद करून बांबूने होडी ढकलत नेली. पक्षी मान वर करून बघतात तिथे थांबायचं, त्याच्या पुढे गेलं की उडणार, हेही त्यांनीच दाखवलं. कुठल्याही कार्यशाळेत एवढं मिळालं नसतं.

पक्ष्यांनी मला एक्सपोजर कॉम्पेन्सेशन शिकवलं, म्हणजे कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड आपण कमी-जास्त करणं. कॅमेऱ्याच्या मीटरला बगळा कळत नाही, उजेड कळतो. समोर काय आहे याची फिकीर न करता तो चौकटीची सरासरी मध्यम राखाडीवर आणायला बघतो. गडद पाण्यावर एकटा पांढरा बगळा असला की त्याला वाटतं अंधार आहे, आणि तो उजेड वाढवून ठेवतो. पाणी छान दिसतं, बगळ्याची पिसं मात्र जळून सपाट पांढरी. तिथे उणे १, म्हणजे उजेड निम्मा. याच्या उलट, चौकटभर रोहित आणि मागे चकचकीत आकाश असलं तर मीटर सगळं दाबून मळकट करतो. तिथे अधिक अर्धा ते एक. जळलेला भाग स्क्रीनवर लुकलुकतो, ती सूचना मेनूतून आधी चालू करून घ्या. हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) उजव्या भिंतीला आदळला की पिसं गेली. रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढलं तरी पूर्ण जळलेलं परत येत नाही.

उडत्या पक्ष्याला शटर १/१००० सेकंद किंवा त्याहून जलद, एआय सर्वो (हलत्या गोष्टीवर सतत फोकस धरणारा मोड), आणि फक्त मधला फोकस बिंदू. ५५०डीत सेकंदाला ३.७ फोटो येतात. आजच्या मानाने हे काहीच नाही, पण त्यामुळे बटण दाबून धरण्याऐवजी पंख वर जायची वाट बघायची सवय लागली.

संत्र्याची फोड, नागपूर

पाणकोंबडी, एक भर घालतो. ताडोब्यात जिप्सीत ट्रायपॉड उघडायला जागा कुठे असते? आपण कापडाची पिशवी शिवून घेतली, चेन लावलेली. जाताना रिकामी न्यायची, तिकडच्या किराणा दुकानातून तांदूळ घेऊन भरायचे, जिप्सीच्या दांडीवर टाकून त्यावर लेन्स. इंजिन बंद करायला सांगायचं, नाहीतर त्या थरथरीत काहीच शार्प येत नाही. परत आल्यावर तांदळाची खिचडी. वाघ नाही दिसला तरी खिचडी होतेच नं भाऊ.

भरतीओहोटी, रत्नागिरी

मी निवृत्त शिक्षक. माझ्याकडे आधी फिल्मचा पेंटॅक्स के१००० होता, ज्यात सुईवाल्या मीटरखेरीज बॅटरीवर चालणारं काहीच नाही. डीएसएलआर घेतला तेव्हा शटर-अ‍ॅपर्चर नव्याने शिकावं लागलं नाही. थक्क झालो ते आयएसओ (प्रकाशाला संवेदनशीलता) बघून. एकदा रोल भरला की ३६ फोटो त्याच वेगावर काढायचे, ही आमची पद्धत. इथे अंगणात १०० आणि माजघरात १६००, लागोपाठच्या दोन फोटोंत! मुलगा म्हणाला, "बाबा, यात एवढं काय?" त्याला काय सांगणार.

पण माझं मुख्य सांगणं कोकणातल्या पावसाबद्दल. इथे जून ते सप्टेंबर लेन्सला बुरशी लागते. काचेवर कोळिष्टकासारखे धागे धरतात आणि एकदा आत शिरले की साफसफाईचा खर्च लेन्सच्या किमतीला भिडतो. कॅमेऱ्याची कापडी बॅग ही पावसाळ्यात कॅमेरा ठेवायची सर्वात वाईट जागा, ती ओल धरते. मी घट्ट झाकणाचा स्वयंपाकघरातला प्लॅस्टिकचा डबा वापरतो. आत सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक. आकडा ४० ते ५०च्या दरम्यान ठेवायचा. फार कोरडंही नको, ३०च्या खाली गेलं तर वंगण आणि रबर सुकायची भीती. रंग बदलणारं सिलिका जेल घ्या, म्हणजे कधी तापवून सुकवायचं ते कळतं. आणि कॅमेरा वापरात ठेवा. बुरशीला अंधार, ओल आणि शांतता आवडते.

एबीसीडी_नको, ठाणे

एवढं सगळं कशाला? मोबाइल खिशातच असतो. ढिगाने डीएसएलआर कपाटात पडून आहेत.

पिंपळपार, दादर

आहेत ना! त्यातलाच एक मी घेतला. कपाटात पडलेले कॅमेरे ही आम्हा गरिबांची खाण आहे.

फोर्टात बोराबाजारच्या गल्लीत कॅमेऱ्यांची दुकानं आहेत, नवे-जुने दोन्ही मिळतात. मला निकॉन डी९० हवा होता. २००८चा, व्हिडिओ काढणारा पहिला डीएसएलआर, पण मला व्हिडिओशी देणंघेणं नव्हतं. मला त्यातली मोटर हवी होती. झालं असं की काकांची जुनी ५० मिमी एफ/१.८डी लेन्स घरात होती. या 'डी' लेन्सांत फोकसची मोटर नसते, ती बॉडीत असावी लागते. डी९०, डी७०००मध्ये आहे. डी३१००, डी५१००मध्ये नाही. त्यांच्यावर ही लेन्स बसते, मीटरही चालतो, पण फोकस हाताने करायचा आणि व्ह्यूफाइंडरमधला हिरवा ठिपका पेटायची वाट बघायची. कॅननला ही भानगड नाही, १९८७पासूनच्या ईएफ लेन्सांत मोटर लेन्समध्येच असते. घरात कुणाची जुनी लेन्स असेल तर बॉडी ठरवताना आधी ती बघा.

दुकानात असताना केलेल्या गोष्टी: लेन्स लावूनच, पण फोकस सोडून, एफ/१६ला मोकळ्या आकाशाचा फोटो काढला. मग फोटो मोठा करून बघितला की सेन्सरवरची धूळ काळ्या ठिपक्यांत दिसते. धूळ जाते, ओरखडा जात नाही. लेन्समधून मोबाइलचा टॉर्च आरपार मारून बघितला (भरतीओहोटी सरांची बुरशी इथेच सापडते). निकॉनच्या फोटोत शटर किती वेळा उडालं याची नोंद असते, एक जेपीईजी काढून मोबाइलवर तपासली. बॅटरीचं झाकण, फ्लॅश, सगळी बटणं. दुकानदार आधी कंटाळला, मग चहा मागवला. किमतीत घासाघीस झालीच.

ठाणेकर, मोबाइलबद्दल वाद नाही. भर दुपारी उन्हात मोबाइलच्या स्क्रीनवर काय दिसतं तेवढं सांगा.

थालीपीठ, न्यू जर्सी

मुलगी रांगायला लागली तेव्हा घेतला. हलणारं मूल, घरातला उजेड, आणि किट लेन्स ५५ला एफ/५.६, म्हणजे हलकेच पुसलेले चेहरे. फ्लॅशने तिचे डोळे मिटायचे. ३५ मिमी एफ/१.८ आली आणि घराचा उजेडच बदलला असं वाटलं. एफ/५.६ आणि एफ/१.८मध्ये तीन स्टॉपहून जास्त फरक आहे, म्हणजे आठपटीहून अधिक प्रकाश.

पण एक गंमत सुट्टीत सांगलीला कळली. आईकडे जुन्या पट्टीच्या ट्यूबलाइटी. १/२५०ला काढलेल्या फोटोंत एक फोटो पिवळट, दुसरा हिरवट, तिसऱ्यात अर्धी चौकट काळपट. कॅमेरा बिघडला म्हणून मी तणतणले. दीर इलेक्ट्रिकल इंजिनिअर, ते म्हणाले, "वहिनी, भारतात वीज ५० हर्ट्झ आहे. ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते, तुमचं शटर त्यातला तुकडाच पकडतंय." १/१०० किंवा १/५०वर आणल्याबरोबर सगळं सुरळीत. अमेरिकेत ६० हर्ट्झ, म्हणून इथे १/१२० (कॅमेऱ्यावर १/१२५) नाहीतर १/६०. आमच्या गणपतीला भाड्याच्या हॉलमध्ये आरतीचे फोटो काढताना हे आकडे कामाला येतात. हॉलचं छत पांढरं आणि बुटकं असेल तर वेगळा फ्लॅश छताकडे वळवा. काचेच्या मखरासमोर सरळ फ्लॅश मारला तर बाप्पाऐवजी फ्लॅशच दिसतो.

वाट तुडवी, सासवड

मी वारीसाठी घेतला. कॅमेरा कॅनन १२००डी, आणि त्यावर १८-५५ सोडून काही लावत नाही. दिवे घाटात धूळ नाहीतर पाऊस, दोन्हींत लेन्स बदलणं म्हणजे सेन्सरवर धूळ घेणं. हॉटेलात आंघोळीला मिळते ती प्लॅस्टिकची टोपी कॅमेऱ्यावर चढवते, रबरबँडसकट.

घाटाच्या वरच्या वळणावर मोठमोठ्या लेन्सा लावून फोटोवाले दाटीने उभे असतात. सगळ्यांना तोच फोटो हवा असतो, नागमोडी रस्ता आणि वर सरकणारी दिंडी. मीही काढला. छान आला, आणि सगळ्यांसारखाच आला. मग खाली उतरून चालायला लागले. १८ला समोरच्या माणसाच्या दोन हातांवर जावं लागतं, आणि तिथे लपूनछपून काही होत नाही. "माउली, काढू का?" विचारायचं. बहुतेक जणी पदर सारखा करून ताठ उभ्या राहतात, तो फोटो काढायचा, त्यांना मागच्या स्क्रीनवर दाखवायचा, आणि मग चालत राहायचं. पाच-दहा मिनिटांनी त्या आपल्याला विसरतात. खरे फोटो तेव्हा मिळतात. डोक्यावरचं तुळशीवृंदावन सावरणारा हात, विसाव्याला चुलीपुढे बसलेली म्हातारी.

तांत्रिक म्हणाल तर ढगाळ आभाळात त्वचा निळसर येते. व्हाइट बॅलन्स (उजेडाप्रमाणे रंग जुळवायची सोय) 'क्लाउडी'वर ठेवला की ऊब येते. आणि आकाश शक्यतो चौकटीत घेऊ नका, आषाढातलं आभाळ नुसतं पांढरं येतं.

नवशिका, जालना

सगळं वाचलं. माझा प्रश्न अगदी साधा आहे. भावाचा जुना ११००डी मिळालाय, पण व्ह्यूफाइंडरमधून सगळंच अंधुक दिसतं. मला चष्मा आहे. फोटो मात्र स्वच्छ येतात. लेन्स खराब आहे का?

पिंपळपार, दादर

लेन्स उत्तम आहे. व्ह्यूफाइंडरच्या उजव्या अंगाला बारीक दातेरी चाक असेल, ते डायॉप्टर, डोळ्याच्या नंबराप्रमाणे दृश्य जुळवायला. भिंतीकडे बघू नका. शटर अर्धं दाबा, आत खाली आकडे पेटतील, ते आकडे स्पष्ट होईपर्यंत चाक फिरवा. चष्मा घालून बघणार असाल तर घालूनच फिरवा. भावाने त्याच्या डोळ्याला लावून ठेवलं असणार.

नवशिका, जालना

झालं! आकडे दिसले. आता ते आकडे काय आहेत ते सांगा.